दोन आकड्यांची अदलाबदल

मुलं त्यांना पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणायची. भिंत सरळ उभी राहतेय का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. विद्यापीठाच्या कृषी आणि जैव अभियांत्रिकी विभागात शिकवायला लागून त्यांना चोवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्या वर्गावर कधी उशिरा पोचल्या नव्हत्या, तपासलेल्या पेपरात त्यांची बेरीज कधी चुकली नव्हती, आणि उत्तरापुढे एकक न लिहिणाऱ्याला त्यांनी कधी अर्धा गुणही सोडला नव्हता. "बारा काय? बारा लिटर, बारा बादल्या की बारा म्हशी?" असं त्या विचारत. वर्ग खो खो हसायचा, पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

या विभागात दोन प्रकारची मुलं यायची. काहींना झाडाझुडपांची आवड, पण गणित म्हटलं की पोटात गोळा. काही गणितात पटाईत, पण गहू कुठला आणि जव कुठला हे ओळखता यायचं नाही. दोघांना एका बाकावर बसवून शिकवायचं म्हणजे मास्तरांच्या नाकी नऊ येत. वरच्या मजल्यावर जिवाणू वाढवायच्या काचेच्या टाक्या होत्या, त्यांचा आंबूस वास जिन्यापर्यंत यायचा. मागच्या शेडमध्ये कायम एखादा ट्रॅक्टर आतडी बाहेर काढून पडलेला असे. बाईंचं राज्य तळमजल्यावर. तिथे काचेच्या भिंतींची बारा मीटर लांब पन्हळ होती. तिच्यात पाणी सोडून, पाण्यात निळा रंग टाकून त्या मुलांना दाखवत की पाणी कुठे धावतं, कुठे रेंगाळतं आणि कुठे अंगावर येतं. शेतावर पडलेलं पाणी किती वेगाने वाहत येईल, तळ्याचा बांध किती उंच हवा, तळं भरल्यावर जादा पाणी सुखरूप बाहेर पडायला सांडवा किती रुंद हवा, हा त्यांचा विषय.

विषयाची गोडी वडिलांमुळे लागली होती. वडील पंप दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला पंप हौदात टाकून तासभर चालवून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. बाई अभियांत्रिकीला गेल्या तेव्हा वर्गात बेचाळीस मुलगे आणि त्या एकट्या. पहिल्या दिवशी कार्यशाळेतल्या मास्तरांनी विचारलं, "तुम्ही कुणाची वाट बघताय?" "लेथ रिकामा व्हायची," असं त्या म्हणाल्या होत्या.

सात वर्षांपूर्वी बाईंनी एक कार्ड तयार केलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं दहा दिवसांचं शिबिर उघड्या माळावर असे. पुस्तक उघडलं की वारा पानं फडफडवायचा आणि मुलं एका हाताने पान दाबून धरत दुसऱ्या हाताने गणित करायची. ते बघून बाईंनी एका दुपारी बसून तळहाताएवढ्या कागदावर वीस सूत्रं स्वतः टाइप केली, कागद प्लॅस्टिकमध्ये पक्का करून घेतला आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवला. "नोकरीत उपयोगी पडेल. हरवू नका." पुढे दर वर्षी हा रिवाजच पडला. वसतिगृहाच्या किल्ल्या हरवणारी मुलंसुद्धा कार्ड जपून ठेवायची. बाहेरून कुणी पाहुणे आले की विभागप्रमुख ते कार्ड खिशातून काढून दाखवायचे, जसं काही त्यांनीच केलं होतं.

यंदाच्या वर्गात एक विद्यार्थी त्रेचाळीस वर्षांचा होता. एकोणीस वर्षं कालव्यावर पाण्याची मोजणी केल्यावर लांब रजा घेऊन तो पदवीसाठी आला होता. वर्गातली पोरं त्याला काका म्हणायची. हळूहळू शिक्षकही म्हणायला लागले आणि बाईही म्हणायला लागल्या, काका त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असूनसुद्धा. काकांना सूत्रं पाठ होत नसत. "टिकतच नाहीत हो मॅडम. भांड्याला भोक पडलंय," ते डोक्यावर टिचकी मारून सांगत. म्हणून प्रत्येक सूत्र ते पहिल्यापासून मांडून काढायचे. परीक्षेत निम्मा वेळ त्यातच जायचा आणि पेपर अर्धा राहायचा. बाई त्यांना दोनदा बोलल्याही होत्या, "काका, दर वेळी विहीर खणायला घेऊ नका. नळ सोडा आणि पाणी प्या."

शिबिर संपलं, कार्डं वाटून झाली. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. त्या मंगळवारी गणितं सोडवायच्या तासाला काका कार्ड हातात घेऊन उभे राहिले.

"मॅडम, एक शंका आहे. माझंच काहीतरी चुकत असणार."

"बोला."

"हे सातवं सूत्र. वाहत येणारं पाणी काढायचं. शेवटी सहाशे तीसने भागा म्हणून लिहिलंय. मला तीनशे साठ येतंय. चारदा करून बघितलं."

बाई हजेरी लिहीत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "एककांत घोळ घातला असेल तुम्ही. फळ्यावर मांडा."

काका फळ्याशी गेले. "एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा घनमीटर पाणी झालं. हे पाणी आलं एका तासात. तासाचे सेकंद छत्तीसशे. दहा भागिले छत्तीसशे, म्हणजे तीनशे साठातला एक भाग." त्यांनी खडू खाली ठेवला. "आता सहाशे तीस कुठून आणायचे तेच कळेना."

बाईंनी मान वर केली. फळ्याकडे बघितलं. मग हात पुढे करून कार्ड मागून घेतलं. चोवीस वर्षं त्या फळ्यावर तीनशे साठच लिहीत आल्या होत्या. पुस्तकात तीनशे साठ होतं, प्रत्येक प्रश्नपत्रिकेत तीनशे साठ होतं. फक्त कार्डावर तीन आणि सहा यांनी आपापसात जागा बदलल्या होत्या. एका दुपारी, त्यांच्याच बोटांखाली.

"काका, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कार्ड चुकलंय. म्हणजे मी चुकलेय. सगळ्यांनी कार्डं पुढे आणून द्या." मुलं एकेक करून कार्डं टेबलावर ठेवून गेली. कुणी हसलं नाही. त्या दिवशी बाईंनी तास दहा मिनिटं आधी संपवला. विभागात अशी गोष्ट पूर्वी घडली नव्हती.

खोलीत येऊन त्या खुर्चीवर बसल्या आणि मनातल्या मनात हिशोब करू लागल्या. मोठ्या आकड्याने भागलं की उत्तर लहान येतं. जिथे शंभर घागरी पाणी येणार तिथे कार्ड सत्तावन्नच सांगणार. सत्तावन्न घागरींसाठी बांधलेल्या सांडव्यावर शंभर घागरी आल्या तर उरलेलं पाणी बांधावरून उडी मारणार, आणि मातीच्या बांधावरून एकदा पाणी गेलं की तो बांध तासाभरात वाहून जातो. बांधाच्या खाली काय असेल ते असेल. शेत असेल, रस्ता असेल, घरं असतील. यंदाची कार्डं परत आली होती. पण आधीच्या सात तुकड्या ती घेऊन बाहेर पडल्या होत्या. बाईंनी यादी काढून मोजलं. दोनशे अकरा.

त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. विद्यापीठाची मूल्यांकन समिती पुढच्या महिन्यात येणार होती आणि साहेब त्या तयारीत आकंठ बुडालेले होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुढच्या छपाईत दुरुस्त करून टाका ना. झालं ते झालं. उगाच गावभर दवंडी कशाला?"

"आणि आधीच्यांचं काय?"

"अहो, सूत्र पुस्तकात आहे. कोण कार्डावर विसंबून बसतंय?"

"मीच सांगितलं होतं सर, विसंबा म्हणून. नोकरीत उपयोगी पडेल, हे माझे शब्द आहेत."

"निदान समिती येऊन जाऊ दे. एक महिना थांबा."

"पाऊस तीन आठवड्यांवर आलाय. तो समितीला विचारून पडणार आहे का?"

साहेबांनी चष्मा परत घातला आणि समितीची फाईल पुढे ओढली. नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

बाई घरी न जाता थेट नवऱ्याच्या दुकानात गेल्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्या डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या भिंतीवर वरून खाली लहान लहान होत जाणारी अक्षरं होती.

"अगं, तू या वेळेला? बरं नाही का?" नवऱ्याने विचारलं.

त्यांनी सांगितलं. तो काउंटरमागून उठून स्टूल घेऊन समोर येऊन बसला.

"मागे एकदा माझ्याकडून एकाचं डावं भिंग उजवीकडे बसलं होतं," तो म्हणाला. "तुला कधी बोललो नाही. बिचारा सहा महिने घरातल्या पायऱ्या चाचपडत उतरत होता. त्याला वाटलं, वय झालं."

"मग? काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? कळलं त्या दिवशी त्याच्या घरी गेलो, चष्मा बदलून दिला, माफी मागितली. त्याचा पाय मोडला नव्हता हे माझं नशीब. त्याने चहा पाजला मला. मला तो गिळवेना."

बाई भिंतीवरची अक्षरं वरून खाली वाचत गेल्या. शेवटची ओळ त्यांना दिसत नव्हती, पण तो विषय वेगळा.

"पत्र लिहिते," त्या उठत म्हणाल्या. "सगळ्यांना."

पत्र लहानसंच होतं. ‘मी तुम्हाला दिलेल्या कार्डावरचं सातवं सूत्र चुकलेलं आहे. सहाशे तीसच्या जागी तीनशे साठ हवं. चूक माझी आहे. या सूत्रावरून कुणी काही बांधलं असेल, तर ताबडतोब कळवा. मी स्वतः येऊन मोजून देईन. कळवायला लाजू नका. या प्रकरणात लाजायचं काम माझं आहे.’ ईमेल सगळ्यांना गेलं, पण अर्ध्या जणांचे पत्ते जुने होते. मग बाईंनी फोन हाती घेतला. तास संपला की त्या यादी पुढे ओढून बसत. काका आपणहून मदतीला आले. "एकोणीस वर्षं कालव्यावरच्या चौकीतून सरकारी फोन लावत आलोय मॅडम. माणूस कसा शोधायचा ते मला शिकवू नका," असं म्हणून त्यांनी अर्धी यादी घेतली.

उत्तरं येऊ लागली तशी बाईंना एक वेगळीच गोष्ट कळत गेली. त्यांनी शिकवलेल्या मुलांपैकी कितीतरी जण पाण्याच्या वाऱ्यालाही उभे नव्हते. एक बँकेत होता. एकीने बेकरी काढली होती. दोघे शाळेत शिकवत होते. एकाने कळवलं, ‘मॅडम, मी लग्नाचे फोटो काढतो, माझ्याकडून कुणाला धोका नाही.’ जे बांधकामात होते ते बहुतेक संगणकावर हिशोब करत होते, किंवा पुस्तक उघडून. रोज यादीतली नावं खोडली जात होती आणि रोज बाईंच्या छातीवरचा दगड थोडा थोडा हलका होत होता.

कार्ड खरोखर वापरलेले पहिल्या आठवड्यात दोघे सापडले. एकाने कोंबड्यांच्या फार्मपुढच्या रस्त्याखाली पाइप टाकला होता. पण हव्या त्या मापाचा पाइप मिळाला नाही म्हणून दोन टाकले होते, त्यामुळे निभावलं होतं. दुसऱ्याने रोपवाटिकेत गटार खणलं होतं. ते दर पावसात तुंबून रोपांच्या पिशव्या तरंगत बाहेर जायच्या. "चार वर्षं मी त्या गवंड्याला शिव्या देतोय हो मॅडम!" तो फोनवर ओरडला. "आता त्याला काय तोंड दाखवू?"

"माझं नाव सांगा," बाई म्हणाल्या. "माझा नंबर पण द्या. मी बोलते त्याच्याशी." आणि त्या खरंच बोलल्या. गवंडी म्हणाला, ठीक आहे, पण आता गटार रुंद करायला मलाच बोलवा.

अकराव्या दिवशी एकशे शहाण्णव नावं खोडून झाली होती. उरलेल्यांत एक नाव होतं, ज्याच्यावरून बाईंची नजर हलत नव्हती. वर्गात त्या मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. शेवटच्या बाकावर बसणारी, आवाज इतका बारीक की उत्तर दिलं तरी पुढच्या बाकाला कळायचं नाही. तिचा यादीतला नंबर बंद होता, ईमेल परत आलं होतं. काकांनी तिच्या वर्गातल्या तिघांना फोन लावून शोध काढला. ती ग्रामीण बांधकाम कार्यालयात नोकरीला लागली होती. चार वर्षांपूर्वी तिने एक तळं बांधलं होतं, मातीच्या बांधाचं. बांधाच्या खाली वीटभट्टी होती आणि भट्टीवरच्या कामगारांची वीस-बावीस घरं.

शनिवारी सकाळीच विभागाची जीप घेऊन त्या निघाल्या. काका चालवत होते. मागच्या सीटवर टेप, पातळी मोजायची दुर्बीण आणि तिपाई. दोन तासांच्या रस्त्यात बाई दोनच वाक्यं बोलल्या. एक, "खिडकी लावा," आणि थोड्या वेळाने, "उघडा."

तळं आटलेलं होतं. तळाशी थोडं पाणी आणि त्यात पाय बुडवून उभी असलेली दोन गाढवं. बांध चांगला दाबलेला, त्यावर गवत माजलेलं. खाली भट्टीचा धूर, पत्र्याच्या छपरांची ओळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे. एका दारात कुणीतरी चूल पेटवत होतं. बाईंनी तिकडे एकदाच बघितलं आणि सांडव्याकडे चालायला लागल्या.

नकाशा काकांनी मिळवला होता. तळ्याकडे अठरा हेक्टरांवरचं पाणी येत होतं. बाईंनी गुडघ्यावर वही ठेवून हिशोब केला. कार्डाप्रमाणे सांडवा पावणेतीन मीटर रुंद. खऱ्या सूत्राने पावणेपाच मीटर, त्यात एक बोटही कमी नको.

"धरा," त्या म्हणाल्या. काकांनी टेपचं टोक डाव्या भिंतीला लावलं. बाई टेप ओढत उजव्या भिंतीपर्यंत गेल्या. वाकल्या. आकडा वाचला. डोळे मिटून उघडले आणि परत वाचला.

"किती आलं मॅडम?"

बाई तिसऱ्यांदा वाकल्या. काका टेपचं टोक दगडाखाली दाबून स्वतः बघायला आले.

"पाच मीटर दहा सेंटिमीटर," काकांनी मोठ्याने वाचलं. मग आणखी मोठ्याने, "पाच दहा आहे की हो!"

बाई तिथेच सांडव्याच्या दगडावर बसल्या. उन्हाने दगड तापलेला होता. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी अर्धी प्यायली, उरलेली तोंडावर मारली.

"पण का?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "हिने पाच मीटर केला का?"

उत्तर स्कूटरवर बसून आलं. भट्टीच्या राखणदाराने चिमणीला फोन करून सांगितलं होतं की तळ्यावर कुणीतरी माणसं मोजमाप घेतायत. ती बांधाच्या पायथ्याशी स्कूटर टाकून धापा टाकत वर आली. बाईंना बघून ती जागच्या जागी थिजली.

"मॅडम? तुम्हाला पाठवलं तपासणीला?" तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी सांगणारच होते. खरंच सांगणार होते. मी खोटा हिशोब दाखवला मॅडम."

"अगं, कसला खोटा हिशोब? बस आधी."

ती बसली नाही. उभ्या उभ्या, त्याच बारीक आवाजात, तिने सगळं ओकून टाकलं. चार वर्षांपूर्वी तिने कार्डावरून सांडवा काढला. पावणेतीन मीटर आला. मग ती ओढ्याकडे बघायला गेली. शिबिरात बाई कुणालाही आधी वही उघडू देत नसत. आधी ओढ्याच्या काठाने चाला, झुडपांत अडकलेला पाचोळा कुठवर आहे ते बघा, पाणी कुठवर चढलं होतं ते झाड सांगतं, असं म्हणत. तिने बघितलं. पाचोळा एका झाडाच्या खोडात तिच्या छातीएवढा उंच अडकलेला होता. तिच्या हिशोबातलं पाणी तिथवर पोचतच नव्हतं. तिने हिशोब सात वेळा केला, सातही वेळा तेच उत्तर.

"मला वाटलं, मलाच येत नाही. पण झाड तर समोर होतं. मग मी सांडवा पाच मीटर केला आणि फाईलमध्ये जुळावं म्हणून पावसाचा आकडा वाढवून लिहिला. साहेबांनी सही केली. तेव्हापासून मला झोप नाही मॅडम. मी नकाशांचं टेबल सोडून आवक-जावक विभागात बदली मागून घेतली. म्हटलं, जिला साधा सांडवा काढता येत नाही तिने हे काम करू नये."

बाई दगडावरून उठून तिच्यापुढे आल्या.

"पुस्तक का नाही उघडून बघितलंस?"

"बघायचं काय? कार्ड तुम्ही दिलेलं होतं."

बाईंनी पर्समधून चुरगाळलेलं पत्र काढून तिच्या हातात दिलं. चिमणीने वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात ती भागाकार करत होती.

"म्हणजे... माझं चुकलं नव्हतं?"

"तुझं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. तू ती झाडावरून पकडलीस, मी दिलेल्या कार्डापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवलास, आणि खाली ती माणसं..." बाईंनी दोरीवरच्या कपड्यांकडे बोट दाखवलं.

चिमणी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडता मधेच हसली. तिचं हसणं मात्र चांगलं खणखणीत होतं. खाली गाढवांनी कान टवकारले. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. चोवीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्याच्या पाठीवर कधी हात ठेवला नव्हता, त्यामुळे तो किती वेळ ठेवायचा हे त्यांना कळेना, म्हणून तो तिथेच राहिला.

"फाईलमधला तो पावसाचा आकडा मात्र दुरुस्त कर," शेवटी त्या म्हणाल्या. "सोमवारीच. माझं पत्र सोबत जोड."

"हो मॅडम."

"आणि तुझ्या साहेबांना मी फोन करते. तुझी जागा आवक-जावक विभागात नाही."

परतीच्या वाटेवर बाई गाडीत गाढ झोपल्या. तोंड उघडं टाकून, चांगल्या घोरत. काकांनी ही गोष्ट वर्गात कुणालाही सांगितली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

उरलेल्या नावांतही पुढे काही वाईट निघालं नाही. समिती आली, दोन दिवस राहिली, आग विझवायच्या नळकांड्यांची तारीख उलटून गेलीय असा शेरा मारून गेली. कार्डाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. विभागप्रमुख बाईंच्या खोलीत आले, दारात घुटमळले आणि म्हणाले, "तुम्ही थांबला नाहीत ते बरंच झालं. मी त्या दिवशी जरा घाबरलो होतो." "मी पण," बाई म्हणाल्या. दोघांनी चहा घेतला. दोन महिन्यांनी चिमणी नकाशांच्या टेबलावर परत गेली. तिच्या साहेबांनी फाईलवर शेरा लिहिला, पण तो आकड्याबद्दल, सांडव्याबद्दल नाही.

शिकवण्यात मात्र फरक पडला. बाईंनी कोरी कार्डं छापून घेतली. प्रत्येक सूत्र मुलांनी वर्गात पहिल्यापासून मांडून काढायचं, शेजाऱ्याने तपासायचं आणि मगच कार्डावर उतरवायचं. आधी मुलं कुरकुरली. एका सूत्राला अख्खा तास जातो म्हणाली. बाई म्हणाल्या, "जाऊ दे." परीक्षेत काकांसारख्यांचा पेपर अर्धा राहू नये म्हणून त्यांनी प्रश्न कमी केले आणि वेळ तेवढाच ठेवला. काका त्या वर्षी बाईंच्या विषयात पहिले आले. वर्गाने त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण काका वजनाला भारी होते, म्हणून नुसत्याच टाळ्या वाजवल्या. आणि बाई वर्गात हसायला लागल्या. बारा म्हशींवर नाही, तो विनोद त्यांना कधीच विनोद वाटला नव्हता, पण स्वतःचं काही चुकलं की हसायच्या आणि म्हणायच्या, "सापडलं का कुणाला? नाही? मग नीट बघा."

यादीतलं शेवटचं नाव राहिलं होतं. दोनशे अकरावा विद्यार्थी जहाजावर नोकरीला लागला होता आणि जहाज कुठल्या समुद्रात आहे ते त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. चार महिन्यांनी त्याचं उत्तर आलं.

‘मॅडम, मी इथे मुदपाकखान्यात आहे. तुमचं कार्ड माझ्याकडे आहे, रोज वापरतो. ओट्यावर चिकटलेलं पीठ त्याने फार छान खरवडलं जातं. त्यावर काय लिहिलंय ते, खरं सांगू का, मी आजवर वाचलेलं नाही. तुमचा विषय मला दोनदा राहिला होता, आठवत असेल.’

बाई खोलीत एकट्याच मोठमोठ्याने हसायला लागल्या. शेजारच्या खोलीतले सर काय झालं म्हणून डोकावून गेले. बाईंनी डोळे पुसले, यादीवरच्या शेवटच्या नावावर रेघ मारली, आणि खडू घेऊन खाली निघाल्या, कारण तळमजल्यावरून काकांचा आवाज येत होता की मॅडम, पन्हळीत पाणी सोडलंय आणि झडप बंद होत नाहीये.